गृहकर्ज घेताना खात्यात आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा कसा द्यावा

मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, बँकेने विचारलंय, मार्चमध्ये हे चार लाख कुठून आले म्हणून. आता काय लिहून देऊ?" अशा वेळी पाच मिनिटांत नीट सांगता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. घर घेणाऱ्या सभासदांनी, आणि त्यांना पैसे देणाऱ्या आईवडील, भाऊबहीण, भावोजींनीही वाचावे.

एक प्रसंग आधी सांगतो. माझ्या शाखेत धारवाडच्या एका शिक्षकांचा अर्ज आला होता. पगार वेळेवर, आधीचे कर्ज नाही, सप्तापूर भागातला फ्लॅट, कागद स्वच्छ. अर्जाच्या बारा दिवस आधी खात्यात 4,80,000 रुपये जमा होते. विचारल्यावर ते म्हणाले, शेतीचे आहेत. खातेउताऱ्यात मात्र रक्कम एनईएफटीने आलेली आणि पाठवणाऱ्याचे नाव स्पष्ट छापलेले. ते त्यांच्या बहिणीचे यजमान निघाले. भावोजींनी घरासाठी मदत केली होती, त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण पहिले उत्तर चुकीचे निघाले आणि मग त्यांच्या प्रत्येक कागदाकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. फाइल सात आठवडे अडकली. करारपत्राची मुदत संपली आणि विकणाऱ्याने 1 लाखाचा इसार परत केला नाही. अर्ज घेतला त्याच दिवशी मी त्यांना समोर बसवून उताऱ्यावरची ती ओळ दाखवून विचारायला हवे होते. ते मी केले नाही.

बँक नेमके काय पाहते

नोकरदाराकडून साधारण सहा महिन्यांचा आणि धंदेवाल्याकडून बारा महिन्यांचा खातेउतारा मागतात. त्यात पगार, हप्ते, परत गेलेले चेक यांच्याबरोबर नेहमीच्या व्यवहाराशी न जुळणाऱ्या जमा रकमा वेगळ्या काढतात. पूर्वी आम्ही लाल पेनने खूण करायचो, आता संगणक करतो. महिन्याला 60 हजार पगार येणाऱ्या खात्यात एकदम 3 लाख आले की ती ओळ वर येणारच. यात तुमच्यावर आरोप कोणी करत नाही. अधिकाऱ्याला मंजुरीच्या टिपणात तुमच्या वाट्याची रक्कम कुठून आली हे लिहावे लागते, आणि ते त्याने स्वतःच्या मनाने लिहायचे नसते.

वाट्याची रक्कम म्हणजे मार्जिन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के रक्कम देता येते. 45 लाखांच्या फ्लॅटला 36 लाख कर्ज मिळाले तरी 9 लाख तुमचे हवेत. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च निराळा. हे 9 लाख बहुतेकांकडे एका जागी नसतात. थोडे ठेवीतून, थोडे सोन्यातून, थोडे आईकडून असे गोळा होतात, आणि ते गोळा होतानाच खात्यात "मोठी रक्कम" दिसू लागते.

अधिकाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात. पैसा कोणाचा? तो परत द्यायचा आहे का? आणि आयकराच्या कागदांशी तो जुळतो का? ज्या खुलाशात या तिन्हींची उत्तरे असतात त्यावर पुन्हा प्रश्न येत नाही.

हातउसने की भेट

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबतो.

आपल्याकडे घरातल्या माणसाने दिलेल्या पैशाला नाव नसते. भावोजी म्हणतात, "घे, सावकाश बघू." ही भेट आहे की उसनवारी हे दोघांनाही ठरवायचे नसते, ठरवणे म्हणजे परकेपणा वाटतो. बँकेला मात्र ते ठरलेले लागते. वरच्या उदाहरणातच पाहा. 36 लाख, 20 वर्षे, साडेआठ टक्के व्याज धरले तर हप्ता सुमारे 31,240 रुपये येतो. पगार हातात 62,000. निम्मा पगार हप्त्यात गेला. आता भावोजींना महिन्याला 15,000 परत द्यायचे तोंडी ठरले असेल, तर उरलेल्या सोळा हजारांत घर, मुलांची शाळा आणि आईची औषधे चालवायची आहेत. हे गणित बँकेपासून लपवले तर फसते ते तुमचेच घर. मी असे हप्ते थकलेले पाहिले आहेत. त्यात कर्ज तर थकतेच, पण बहिणीकडे दिवाळीला जाणेही बंद होते.

म्हणून परत द्यायचे असतील तर उसने म्हणून लिहा, किती महिन्यांत किती देणार तेही लिहा. कर्जाची रक्कम थोडी कमी मिळेल, पण अर्ज बहुधा फेटाळला जाणार नाही. परत द्यायचे नसतील तर भेटपत्र करा. भेटपत्रात देणाऱ्याचे नाव, पॅन, नाते, रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली, आणि "ही रक्कम परत घेण्याची नाही" हे वाक्य हवे. पैशाच्या भेटीला नोंदणीची सक्ती नाही. बँका बहुधा मुद्रांक कागदावर, साक्षीदारांच्या सह्यांसह मागतात. देणाऱ्याचा त्या महिन्याचा खातेउताराही जोडावा, कारण पुढचा प्रश्न "त्यांच्याकडे कुठून आले" हा असतो. भावोजींनीही ते आदल्या दिवशी रोख भरले असतील तर प्रश्न फक्त एक घर पुढे सरकला, सुटला नाही.

उसने असतानाच भेटपत्र करून देणे हा सल्ला काही दलाल बिनधास्त देतात. तो मानू नका. ते खोटे निवेदन होते, आणि पुढे तुमच्या खात्यातून भावोजींना दरमहा 15,000 जाताना दिसले की ते आपोआप उघडे पडते.

उसने घेताना एक नियम पाळायचाच: 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही. 1961 च्या आयकर कायद्यात हे कलम 269 एसएस होते आणि मोडल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होता. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुने कलम पत्रात लिहिण्यापूर्वी सीएला विचारावे.

भेटीवर कर लागतो का, हाही नेहमीचा प्रश्न. नवरा-बायको, आईवडील, आजीआजोबा, मुले-नातवंडे, भाऊबहीण, जोडीदाराचे भाऊबहीण, आईवडिलांचे भाऊबहीण आणि या सगळ्यांचे जोडीदार यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही, रक्कम कितीही असो. इतरांकडून वर्षात मिळून 50,000 च्या वर गेले की सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. लग्नात मिळालेला आहेर याला अपवाद आहे. गंमत अशी की मामाने भाच्याला दिले तर मामा यादीत बसतो, पण भाच्याने मामाला दिले तर भाचा त्या यादीत नाही. चुलतभाऊ, मावसभाऊही नाहीत. एकत्र वाढलेल्या चुलतभावाने 5 लाख दिले तर कायद्याच्या लेखी ते परक्याचे आहेत. अशा वेळी सरळ चेकने उसने घेतलेले बरे.

शेतीचे पैसे

आपल्यातल्या बऱ्याच घरांची शेती अजून नवलगुंद, कुंदगोळ, कलघटगी, अण्णिगेरीकडे आहे. काहींची सांगली-कोल्हापूरकडे. मूग, कापूस, मिरची, कांदा विकला की रक्कम एकदम येते आणि तीही वर्षातून एक-दोनदाच. पगाराच्या खात्यात ती वेगळी दिसणे स्वाभाविकच आहे.

यासाठी जोडायचे कागद सोपे आहेत. जमिनीची पहाणी म्हणजे आरटीसी, तिच्यात तुमचे किंवा वडिलांचे नाव आणि पिकाची नोंद. अमरगोळच्या बाजार आवारात किंवा गावच्या बाजार समितीत माल घातला असेल तर अडत्याची पट्टी, म्हणजे वजन, दर, कपात आणि निव्वळ रक्कम असलेला कागद. पट्टी हरवली असेल तर अडत्याकडे जाऊन त्याच्या वहीवरून पुन्हा घ्यावी. अडतेही जुन्या गिऱ्हाईकाला नाही म्हणत नाहीत. हमीभावाने विकला असेल तर पैसे थेट खात्यावर येतात, मग तो व्यवहार स्वतःच पुरावा असतो.

अडचण तीन ठिकाणी येते. एक, पहाणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आणि पैसे मुलाच्या खात्यात. मग ते मुलाचे उत्पन्न नसते, वडिलांनी दिलेली भेट असते, आणि कागद तसाच करायचा. दोन, विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवलेलेच नाही. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही म्हणून बरेच नोकरदार ते लिहीतच नाहीत. पण ते वर्षाला 5,000 च्या वर असेल तर "सहज" हा सोपा फॉर्म चालत नाही, दुसरा भरावा लागतो. तीन वर्षे शेतीचा रकाना शून्य आणि कर्जाच्या वेळी एकदम 6 लाख, हे बघून कोणीही विचारणारच. तीन, जमीन आणि रक्कम यांचा मेळ. दोन एकर जिरायतीतून आलेले आठ लाख मुगाचे आहेत असे लिहिले, तर वाचणारा अधिकारी स्वतः नवलगुंदचा असू शकतो हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात जमीन असलेल्यांसाठी खास सूचना. तुमचा सातबारा मराठीत असतो. शाखेतला अधिकारी केरळचा किंवा आंध्रचा असला तर त्याला तो वाचता येत नाही, आणि वाचता न येणारा कागद फाइलमध्ये असून नसल्यासारखा. इंग्रजी भाषांतर करून, नोटरीची सही घेऊन मूळ उताऱ्यासोबत लावा. हक्कसोडपत्र करून भावाकडून पैसे मिळालेल्या बहिणींनीही हेच करावे.

रोख भरलेली रक्कम

रोखीचा खुलासा सगळ्यात अवघड, कारण तिच्यावर कोणाचे नाव छापलेले नसते. त्यात आपली जुनी सवय, 50,000 च्या वर पॅन लिहावा लागायचा म्हणून 49,000, पुन्हा 49,000, असे चार दिवस भरायचे. ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे, बँकेला सगळ्यात आधी. असे तुकडे पाहिले की साध्या रकमेवरही संशय येतो. रक्कम तुमची असेल तर एकदाच भरा, पावतीवर पॅन लिहा. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून 10 लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि ते तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. अर्ज करण्यापूर्वी आपला एआयएस आपण स्वतः एकदा पाहावा. बँकही तो मागू शकते.

घरातल्या बायकांची साठवण हा वेगळाच विषय. डाळीच्या डब्यात, देवघरात, साडीच्या घडीत ठेवलेले पैसे किती असतात हे 8 नोव्हेंबर 2016 नंतर नवऱ्यांना कळले. त्यानंतर 2017 मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली की धंद्याचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीने नोटबंदीच्या काळात भरलेल्या 2.5 लाखांपर्यंतच्या रकमेची, आणि 70 वर्षांवरील व्यक्तीच्या 5 लाखांपर्यंतच्या रकमेची, पुढे चौकशी करू नये. आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणानेही 2021 मध्ये एका गृहिणीची अशी बचत तिचे उत्पन्न धरू नये असा निकाल दिला. हे सगळे त्या काळापुरते होते, आज ते दाखवून बँकेला बांधता येत नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. घरखर्चातून साठलेली दीड-दोन लाखांची रक्कम पटण्यासारखी असते, आठ-दहा लाखांची नसते. घर घ्यायचा विचार असेल तर बाईंच्या नावाने खाते उघडून ती साठवण वर्षभर आधीपासून दरमहा भरत जावी. मग ती "मोठी रक्कम" राहतच नाही, आणि घरात त्यांचे नावही सहकर्जदार म्हणून सन्मानाने लागते.

जुने घर किंवा साइट विकून आलेल्या पैशाबद्दल स्पष्टच बोलतो. खरेदीखतात 25 लाख आणि हातात 40 लाख, असा व्यवहार केला असेल तर वरच्या 15 लाखांसाठी कोणतेही पत्र उपयोगी पडत नाही. तशी रोकड खात्यात भरून "जुनी बचत" म्हणून लिहून द्या, असे मला कित्येकांनी विचारले आहे. मी नाही म्हणत आलो. न समजावता आलेल्या रकमेवर कराचा दर 2016 मध्ये 60 टक्क्यांवर नेला होता, वर अधिभार. खरेदीखताप्रमाणे चेकने आलेल्या पैशासाठी मात्र खताची प्रत आणि खातेउतारा एवढे पुरते.

बाकीचे स्रोत

ठेव मोडली, एलआयसीची मुदत संपली, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, ग्रॅच्युइटी मिळाली, याला एकेक पत्र जोडले की झाले. एवढेच पाहा की ज्या बँकेत ठेव होती तिचे नाव आज आहे का. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत गेली, कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत, विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात, स्टेट बँक ऑफ मैसूर 2017 मध्ये स्टेट बँकेत. आपल्या धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक 1 मे 2025 ला कर्नाटक ग्रामीण बँकेत मिसळली. ठेवपावतीवर जुने नाव आणि उताऱ्यात नवे, हे पाहून परगावचा अधिकारी गोंधळतो. एका ओळीत लिहून टाकावे.

सौहार्द सहकारी संस्थेतली ठेव असेल तर संस्थेचे पत्र शिक्क्यासह घ्या आणि रक्कम चेकने घ्या, रोख नको. सोने विकले असेल तर सराफाचे खरेदीचे बिल हवे. सोने गहाण ठेवले असेल तर ते कर्ज आहे, पतअहवालात दिसते, लपवून उपयोग नाही. भिशीचे पैसे असतील तर ती नोंदणीकृत चिट आहे का पाहा. एमएसआयएलसारख्या संस्थेची असेल तर पासबुक पुरते. गल्लीतल्या भिशीला कागद नसतो, म्हणून ती उचललेली रक्कम अर्जाच्या तोंडावर खात्यात आणू नये. उचल आधी घेतली असेल तर पुढचे हप्तेही तुमच्यावर आहेतच.

आणखी एक प्रकार खास आपल्यासारख्यांचा. गणेशोत्सवाची वर्गणी किंवा पंढरपूरच्या बसचे पैसे खजिनदाराच्या खासगी यूपीआयवर गोळा होतात. तीन आठवड्यांत दीडशे लोकांचे पाचशे-हजार जमा, मग मंडपवाल्याला एकदम 80,000 खर्च. उतारा पाहणाऱ्याला हा न दाखवलेला धंदाच वाटतो. खजिनदार घर घेणार असतील तर संस्थेच्या लेटरहेडवर अध्यक्षांचे पत्र आणि जमाखर्चाची प्रत जोडा. खरे तर क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा.

पत्र कसे लिहावे

पत्र अर्जासोबतच द्यावे, विचारण्याची वाट पाहू नये. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहावे, म्हणजे शाखेत वाचता येईल. एका पानाच्या वर जाऊ नये. प्रत्येक रकमेला तारीख, रक्कम, कोणाकडून, कशाबद्दल, परत द्यायची की नाही आणि जोडलेला कागद, एवढेच. मराठीत मजकूर साधारण असा होईल:

"माझ्या बचत खात्यात दि. ___ रोजी रु. 3,00,000 एनईएफटीने जमा झाले आहेत. ही रक्कम माझी आई श्रीमती ___ (पॅन ___) यांनी घरखरेदीसाठी भेट म्हणून दिली असून ती परत करावयाची नाही. आईंना ही रक्कम त्यांची मुदत ठेव दि. ___ रोजी पूर्ण झाल्याने मिळाली. सोबत भेटपत्र, ठेव बंद केल्याचे पत्र व आईंचा खातेउतारा जोडला आहे."

यापेक्षा जास्त लिहू नका. घरातली अडचण, भावाशी वाद, बिल्डरची घाई, हे पत्रात आले की नवे प्रश्न निघतात. आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नका, उतारा काढून तारीख पाहा. आणि पती-पत्नी दोघेही अर्जदार असतील तर पत्र दोघांनी वाचून सही करावी. बँक दोघांनाही वेगवेगळे विचारू शकते.

मुले परदेशात घर घेत असतील तर

बऱ्याच सभासदांची मुले अमेरिकेत आहेत, तिथेही हेच चालते. फॅनी मे ही तिथली गृहकर्जे विकत घेणारी मोठी संस्था. तिच्या नियमात कर्जासाठी धरलेल्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी एकच जमा असेल तर तिला मोठी जमा म्हणतात आणि घरखरेदीत तिचा स्रोत दाखवावा लागतो. खरेदीसाठी सहसा शेवटच्या दोन महिन्यांचे उतारे पाहतात. आईवडिलांनी इथून पैसे पाठवले तर तिथेही भेटपत्र लागते आणि त्यातही परतफेड अपेक्षित नाही हे वाक्य लागते. इथून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. ए2 अर्ज आणि पॅन लागतो. 10 लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस घेते, तो विवरणपत्रात वळता करून किंवा परत मागून घेता येतो. मुलाने घराची तारीख कळवली की लगेच पाठवू नका, आधी त्याच्या बँकेकडून भेटपत्राचा नमुना मागवून घ्या. प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि आपली सही त्यावरच लागते.

उलट दिशेने, मुलाने तिकडून इथल्या घरासाठी पाठवलेल्या पैशाला बँकेकडून परकीय चलन आल्याचे प्रमाणपत्र मागून ठेवा. ते त्याच महिन्यात मागितले तर सहज मिळते, दोन वर्षांनी मागितले तर चार फेऱ्या होतात.